अण्णांच्या मोबाईलवर उघडली पाहिजे

"इतकं फोटू काढायलास, एक तरी दाखवलास का मला?"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये अण्णांनी हे ओरडून विचारलं. तिथं ओरडूनच बोलावं लागतं. बारा माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून वाचायचं. अण्णा टॉवेल विणतात. घरात तेलुगू, पण मराठी माझ्यापेक्षा झणझणीत. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब लिहितो आणि गेली सहा वर्षं बहुतेक शनिवारी दुपारी कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांच्या शेडमध्ये जातो. त्यांचे, त्यांच्या मागाचे, दारात बसून धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या काकूंचे किती फोटो काढलेत याची मोजदाद नाही. दाखवले म्हणाल तर कॅमेऱ्याच्या मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर. अण्णांचा चष्मा घरी राहिलेला असायचा. ते "छान, छान" म्हणायचे आणि तुटलेला धागा जोडायला वळायचे.

त्या दिवशी घरी येऊन मी हार्ड डिस्क उघडली. 31 हजारांवर फोटो. गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, हिप्परग्याच्या तलावावरचे पक्षी, सिद्धेश्वर तलावावरची पहाट, भुईकोटाच्या भिंतीवर वाढलेलं गवत, जुन्या मिलची पडझड, आणि अण्णांचे माग. बघणारा मी एकटा. बायको म्हणते त्याप्रमाणे, लोकांची तिजोरी असते, आमच्याकडं फोटोंची आहे.

त्याआधी एका समाजमाध्यमावर माझं पान होतं. आठ वर्षं जपलेलं. एका सकाळी ते उघडेना. 'नियमभंग' झाला म्हणे. कुठला नियम, कुठल्या फोटोत, ते विचारायला माणूस नव्हता. अर्ज केला की मशीनचं उत्तर यायचं आणि त्या उत्तराला उत्तर दिलं की पुन्हा तेच. दीड महिना मी हा खेळ खेळलो. मग कळलं की भाड्याच्या घरात आपण भिंतीला रंग देत बसलो होतो. स्वतःची वेबसाईट करायची असं तेव्हाच मनात आलं होतं. अण्णांच्या प्रश्नानं तिला मुहूर्त मिळाला.

पुतणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिला विचारलं तर म्हणाली, "काका, एका रात्रीत होते वेबसाईट." खोटं नव्हतं. एका रात्रीत झालीच. लोकांना दाखवण्याजोगी व्हायला पुढं चौदा महिने लागले.

पहिला वाद वर्डप्रेस हे साईट बांधायचं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं की साधी पानं, यावर. वर्डप्रेसमध्ये सगळं आयतं मिळतं, पण पाठीमागं एक डेटाबेस चालतो, त्याला सर्व्हरची जागा भाड्यानं घ्यावी लागते, दर थोड्या दिवसांनी अपडेट करावं लागतं आणि केलं नाही तर कुणीतरी घुसतं. मला फोटो दाखवायचे होते, दुकान चालवायचं नव्हतं. पुतणीनं दुसरा रस्ता दाखवला. ह्यूगो नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. आपण साध्या मजकुराच्या फाईली लिहायच्या, फोटो एका फोल्डरमध्ये टाकायचे, ते त्यातून तयार पानं बांधून देतं. ती पानं गिटहब या फाईली ठेवायच्या संकेतस्थळावर, त्यांच्या पेजेस नावाच्या सोयीत, फुकट ठेवता येतात. अट एवढीच की सगळी साईट मिळून 1 जीबीच्या आत असावी. हिशेबनिसाला हे पटलं. कीर्द लिहायची, खतावणी आपोआप निघते. काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करायला सुरुवातीला हात थरथरायचे, पण टॅली शिकतानाही थरथरलेच होते की.

नावाचा घोळ मात्र मी स्वतः ओढवून घेतला. मराठी माणूस, मराठी साईट, तर पत्ताही देवनागरीत हवा, असा माझा हट्ट. 2014 च्या ऑगस्टपासून '.भारत' हे देवनागरी डोमेन मिळतं. ते घेतलं. ब्राउझरमध्ये काय रुबाबदार दिसायचं! पण पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की त्याचं खरं सोंग बाहेर पडायचं: रोमन एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढं वेडीवाकडी अक्षरं. इंटरनेटची नावं ठेवणारी यंत्रणा आतून अजून रोमन अक्षरांवरच चालते, त्यामुळं देवनागरी नावाचं असं भाषांतर करून ठेवतात. एका स्पर्धेच्या अर्जात तो पत्ता भरला तर 'पत्ता अवैध आहे' असा लाल शेरा आला. पानांची नावंही मी देवनागरीत दिली होती. 'गड्डा' एवढंच नाव घ्या. ग, ड, हलन्ताची खूण, ड, काना, अशा पाच खुणा. एकेका खुणेला तीन बाइट लागतात आणि दुवा पाठवताना एकेक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे 'गड्डा'ची झाली 45 अक्षरं. मेव्हण्याला दुवा पाठवला तर त्याचा फोन आला, "दाजी, तुमचा मोबाईल हॅक झालाय वाटतं."

शेवटी साधं रोमन अक्षरांतलं '.इन' नाव घेतलं आणि देवनागरी पानाच्या आत ठेवली. नाव विकणाऱ्या कंपनीनं पहिल्या वर्षाला 199 रुपये लावले. मी खूश. दुसऱ्या वर्षीचं बिल आलं 849. नूतनीकरणाचा दर पहिल्याच दिवशी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला होता, तो मी वाचला नव्हता. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणाऱ्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

नाव आणि जागा एकमेकांना जोडणं दहा मिनिटांचं काम. पत्त्यापुढचं कुलूप, म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र, लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं. 90 दिवसांनी ते संपतं आणि गिटहब आपणहून नवं आणतं. फक्त ते यायला पहिल्यांदा काही तास लागले आणि नेमक्या त्या तासांत मी फुशारकी मारत अण्णांच्या शेडमध्ये गेलो. अण्णांच्या नातवानं पत्ता टाकला. 'सुरक्षित नाही' असं आलं. पोरगं म्हणालं, "आज्जा, उघडू नका, व्हायरस आहे."

दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेलो. कुलूप आलेलं होतं. अण्णांनी स्वतःच्या हातानं उघडली. पांढरं पान. वर माझं नाव, खाली काही नाही. मग पहिला फोटो वरून खाली असा उतरायला लागला, शटर अर्धवट अडकलेल्या दुकानासारखा. अर्ध्यावर थांबला. शेडला पत्र्याचं छप्पर, आत नेटवर्कच्या दोन काड्या. अण्णा दोन मिनिटं थांबले. मग मागावर कांडी संपली म्हणून उठले आणि फोन तसाच स्टुलावर ठेवला. रात्री नातवाचा मेसेज आला, "तुमच्या साईटनं आज्जाचा नेट संपला."

घरी येऊन हिशेब केला. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा. एक फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा, फाईल साधारण 9 एमबीची. पहिल्या पानावर मी 18 फोटो लावले होते. म्हणजे 162 एमबी. अण्णांचा रोजचा डेटा दीड जीबी, आणि त्यात नातवाचं यूट्यूब. माझ्याकडं घरी वाय-फाय आणि मोठा पडदा, त्यामुळं मला सगळं लखलखीत दिसत होतं. त्या रात्री एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं: अण्णांच्या मोबाईलवर उघडली पाहिजे. पुढचे सगळे निर्णय त्या कागदानं घेतले.

मोबाईलचा पडदा 6000 ठिपके दाखवूच शकत नाही. तेव्हा प्रत्येक फोटोच्या तीन आवृत्त्या केल्या: लांब बाजू 480, 960 आणि 1600. पानाला सांगून ठेवायचं की या तीन आहेत, समोरच्या पडद्याला सोसेल ती उचल. जेपीईजीऐवजी वेबपी या प्रकारात फाईल ठेवली की आणखी लहान होते, नजरेला फरक कळत नाही. पहिल्या पानावरच्या छोट्या चित्रांचं वजन सरासरी 40 केबीवर आलं. अठरांचे 720 केबी. शिवाय खालची चित्रं आधीच ओढायची नाहीत, माणूस तिथवर सरकला की मगच आणायची, अशीही एक एका शब्दाची सोय असते. आणि प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवायची, नाहीतर चित्र येईल तसा मजकूर खाली उड्या मारतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच ठिकाणी पडतं. हे सगळं ह्यूगो एका आज्ञेत करतं. ती आज्ञा नीट लिहायला मला अकरा रात्री लागल्या.

मधेच आणखी एक गंमत. माझ्या लॅपटॉपवर सगळे फोटो दिसायचे, इंटरनेटवर मात्र जवळजवळ निम्मे गायब. कॅमेरा फाईलच्या नावाचं शेपूट मोठ्या अक्षरांत लिहितो. मी पानात लहान अक्षरांत लिहिलं होतं. विंडोजला मोठं-लहान सारखंच, पण तिकडचा सर्व्हर लिनक्सवर, त्याला ती दोन वेगळी नावं. दोन रात्री मी कोडमध्ये चुका शोधत बसलो. पुतणीनं व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट बघून एका मिनिटात ओळखलं आणि पुढं एक हसरा चेहरा पाठवला. तो चेहरा अजून खुपतो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातं.

सोलापूरच्या भोवतालचं माळरान बाहेरच्याला ओसाड दिसतं. नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक मला आजवर एकदाही दिसला नाही, काळवीट, धाविक, खोकड मात्र भरपूर. आणि लांडगे. एका ओळखीच्या मेंढपाळानं एकदा मला ओढ्याच्या कडेला असलेली लांडग्याची गुहा लांबून दाखवली. तोंडाशी तीन पिल्लं ऊन खात पडलेली. कॅमेऱ्याला मोठी लेन्स लावली होती, ती बदलेपर्यंत थांबवेना, म्हणून पुढं सरकून मोबाईलनं दोन फोटो घेतले. जायला नको होतं तेवढं पुढं गेलो. ते फोटो साईटवर चढवले. खाली लिहिलं, 'माळरान, सोलापूर जिल्हा'. जागेचं नाव मुद्दाम टाळलं आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश झालो.

नवव्या दिवशी फोन आला. वन्यजीवांच्या कामात असलेले एक गृहस्थ, आवाज शांत. म्हणाले, "फोटोत तुम्ही गुहेचा पत्ता दिलाय." मी म्हटलं, कुठं दिलाय? ते म्हणाले, "फाईल उतरवून घ्या आणि तपशील बघा." बघितले. मोबाईल फोटो काढताना फाईलच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, हे मला ऐकून माहीत होतं. दशांश चिन्हापुढं सहा आकडे होते. चार असले तरी दहा-बारा मीटरपर्यंतचा ठावठिकाणा कळतो. नकाशात टाकले तर बोट थेट ओढ्याच्या त्या वळणावर. मोठे फोटो मी कॅमेऱ्याचे म्हणून ह्यूगोतून लहान करून टाकत होतो. हे दोन मोबाईलचे, आधीच लहान, म्हणून जसेच्या तसे चढवले होते.

लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण मेंढरं गेलेल्या माणसाला अनुसूची दिसत नाही, आणि गुहेत धूर करायला काडी पुरते. दहा मिनिटांत दोन्ही फोटो साईटवरून उतरवले. सुटकेचा श्वास घेतला तर पुतणी म्हणाली, "काका, गेला नाही तो. जुन्या नोंदीत आहे." गिटहबवर केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते. फाईल आज पुसली तरी कालच्या नोंदीत ती शाबूत असते, आणि माझं खातं सगळ्यांना उघडं होतं. हे म्हणजे कीर्दीतली नोंद खोडली पण खालचं कार्बन कॉपीचं पान तसंच. शेवटी साईटच्या फाईलींचं गिटहबवरचं पूर्ण कोठारच काढून टाकलं आणि नव्यानं, जुना इतिहास न घेता, उभं केलं. त्या नऊ दिवसांत ते पान 41 वेळा उघडलं गेलं होतं. पावसाळ्यानंतर मेंढपाळ म्हणाला की लांडग्यांनी जागा बदलली. मादी पिल्लांना हलवत असतेच. माझ्यामुळं हलवली की नाही, ते मला कधीच कळणार नाही. त्या ओढ्याकडं मी परत गेलेलो नाही.

भीतीपोटी माणूस दुसऱ्या टोकाला जातो. एक्झिफटूल नावाचं साधन घेतलं आणि एका आज्ञेत सगळ्या फोटोंच्या पोटातली सगळी माहिती पुसली. शांत झोपलो. सकाळी साईट उघडली तर गड्ड्याच्या पानावर नंदीध्वज आडवे पडलेले.

सोलापूरकराला हे वाचून काय वाटेल ते मला सांगायला नको. यात्रेत सातही नंदीध्वज उभेच्या उभे चालतात. बाराबंदी घातलेले मानकरी ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून नेतात, आजूबाजूला 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' चाललेलं असतं, 68 लिंगांची वाट कापायची असते. एखादी काठी नुसती कलली तरी गर्दीचा जीव टांगणीला लागतो. आणि माझ्या साईटवर ते ओळीनं निजलेले! झालं असं की कॅमेरा उभा धरला तरी तो चित्र आडवंच साठवतो आणि पोटात एक चिठ्ठी ठेवतो की दाखवताना उभं करा. ती चिठ्ठी मी पुसली होती. आईनं नेमकी त्याच सकाळी साईट बघितली. त्यावर जे बोलली ते इथं लिहीत नाही.

उभे केल्यावर दुसरं लक्षात आलं. रंग उडालेले. हारातला झेंडू उन्हात ठेवलेल्या साडीसारखा विटका दिसत होता. माझा कॅमेरा अॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगपटावर लावलेला होता, आणि 'हे आकडे त्या रंगपटाचे आहेत' हे सांगणारी नोंदही मी पुसलेल्यात गेली होती. नोंद नसली की ब्राउझर साधा एसआरजीबी रंगपट धरून चालतो आणि चित्र फिकं पडतं. म्हणजे क्रम चुकला होता. आधी रंग एसआरजीबीत बदलायचे, चित्र खरोखरच फिरवून उभं करायचं, आकार कमी करायचा, आणि मग पुसायचं. हा क्रम मी आता पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारखा म्हणू शकतो.

फोटोंखालचा मजकूर हा वेगळाच प्रकार. काही वर्षांपूर्वी आम्ही चार हौशी लोकांनी एका सभागृहात छोटं प्रदर्शन भरवलं होतं. तेव्हाच्या ओळी एका डीटीपीवाल्यानं टाईप करून दिल्या होत्या. त्या तयारच आहेत म्हणून आणल्या, तर साईटवर नुसता रोमन अक्षरांचा चिवडा. जुने डीटीपीचे फॉन्ट युनिकोड नसतात. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं, फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. रूपांतर करणारी साधनं वापरली, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी ती भलत्या अक्षरावर ठेवून देतात. सगळं हातानं पुन्हा टाईप केलं. बरंच झालं, कारण जुना मजकूर वाचवत नव्हता. 'श्रमाचं सौंदर्य' असलं काहीतरी अण्णांच्या फोटोखाली लिहिलं होतं मी! आता लिहिलंय, 'दुपारची पाळी, टॉवेलचा माग. धोटा दिसत नाही, कारण तो धावतोय.' (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो.)

फॉन्ट म्हणून 'मुक्त' या नावाचा निवडला. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहिलं की काही फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श देतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. आणि दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपुरतं ठेवलं तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. ते 1.7 पट केलं. 'पत्र्यावरच्या पायऱ्या' मधला ऱ्य नीट उमटतो का, हे बघायला मी तीन मोबाईल पालथे घातले. शेजारी विचारायला लागले की काका नवीन फोन घेताहेत का.

साईट चालू होऊन चार महिने झाले असतील. एका चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं डिजिटल लागलं होतं. (बाहेर ज्याला फ्लेक्स म्हणतात त्याला आमच्याकडं डिजिटल म्हणतात आणि वाढदिवस नसलेला दिवस सोलापुरात उगवत नाही.) पुढारी हात जोडून उभे, आणि त्यांच्या मागं होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. माझं दारूकाम. तळ्यातलं त्याचं प्रतिबिंब मी तीन वर्षं धडपडून मिळवलेलं. कायद्यानं हक्क माझाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं तो छायाचित्रकार जिवंत असेपर्यंत आणि तो गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो, कुठं नोंदणी केलेली असो वा नसो. भांडायला जाणार होतो. पण जवळ जाऊन बघितलं तर 1600 ठिपक्यांची फाईल वीस फुटांवर ताणलेली, एकेक ठिणगी विटेएवढी चौकोनी. पुढाऱ्यांच्या डोक्यावर चौकटीच चौकटी कोसळत होत्या. मनातल्या मनात शिक्षा दिली आणि घरी आलो. फोटोवर आडवंतिडवं नाव छापून ठेवा असा सल्ला खूप जणांनी दिला. नाही छापलं. माझाच फोटो मला गजाआड बघवत नाही.

विड्या वळणाऱ्या एका मावशींचा फोटो मात्र मी काढून टाकला. तेंदूच्या पानावरची त्यांची बोटं आणि खिडकीचा उजेड, माझ्या सगळ्यात आवडत्या पाचांत होता. मावशींनी सांगून पाठवलं, "फोटू चांगला आलाय बाबा, पण काढ तो. पोरीला स्थळं बघालालोय." फोटो काढताना विचारलं होतं, त्या हसून हो म्हणाल्या होत्या. पण फोटो काढू देणं आणि तो जगाला दाखवू देणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. या वेळी जुन्या नोंदीही लगेच साफ केल्या. गुगलच्या चित्रांत तरी तो दिसत राहिला. सर्च कन्सोल या गुगलनं साईटवाल्यांसाठी ठेवलेल्या सोयीतून काढण्याची विनंती केली की साधारण सहा महिने तो लपवतात, तोवर मूळ पान नाही हे त्यांच्या यंत्रणेला कळतं. आता शेडमध्ये जाताना मी मोबाईलवर साईट उघडून दाखवतो आणि मग विचारतो, इथं लावू का. तिघांपैकी एक तरी नको म्हणतो.

31 हजारांतून निवड करायला सात महिने गेले. उरले 64. त्यातही माझं आणि बघणाऱ्यांचं पटत नाही. हिप्परग्याच्या रोहित पक्ष्यांसाठी मी गुडघाभर चिखलात पहाटे चारला बसलो होतो, त्या पानावर कुणी थांबत नाही. सगळ्यात जास्त उघडलं जातं ते होटगी रोडच्या साखर कारखान्याच्या चिमणीचं पान. असाच एकदा जाताना गाडी थांबवून काढलेला, आकाश पांढरं, कडेला विजेची तार. ती चिमणी 15 जून 2023 ला पाडली. आता लोक तो फोटो बघतात आणि मला लिहितात की आमच्या गच्चीवरून दिसायची. तार पुसून टाकावी असं आधी वाटलं होतं. राहू दिली.

कागदावर लिहिलेलं झालं का, तर मागच्या महिन्यात झालं. पत्ता टाईप करायला नको म्हणून क्यूआर कोड छापून मागाशेजारच्या खांबावर चिकटवला होता. आठवडाभरात त्यावर कापसाची एवढी लव चढली की मोबाईलला ओळखू येईना. अण्णांनी उपरण्यानं पुसला आणि मोबाईल धरला. पान उघडलं. पत्र्याखाली, दोन काड्यांवर, मी मनात चार मोजायच्या आत.

या वेळी चष्मा होता. अण्णांनी स्वतःचा फोटो उघडला. हा फोटो मला जमायला वेळ लागला होता. शेडमधल्या ट्यूबलाईटी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळं शटर जलद ठेवलं की चित्रावर काळे पट्टे येतात. 1/100 वर ठेवल्यावर पट्टे गेले, धोटा धूसर झाला आणि अण्णांचा चेहरा मात्र स्वच्छ आला. मला वाटलं चेहरा बघतील. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, चेहऱ्यावरून खाली गेले, हातावरून खाली, आणि मागावरच्या कापडावर थांबले. आणखी मोठा केला. सगळं भुरकट झालं.

"हितं बघ," ते म्हणाले. "धागा गेलाय का काय?"

मला तर काहीच दिसेना.

"उभी रेघ आहे की बे. तुटलेला तसाच पुढं गेलाय. कुठल्या दिवशीचा हा?"

तारीख सांगितली. अण्णा विचारात पडले. त्या आठवड्यात परत आलेल्या मालाबद्दल मालकाशी झालेलं बोलणं त्यांना आठवत होतं. "मोठा नाही का ह्याच्याहून? नीट दिसंना झालाय."

त्या एका फोटोखाली आता मूळ फाईलचा दुवा आहे, 9 एमबीचा, तसं लिहूनच ठेवलंय. रात्री नातवाच्या फोनवरून ती उतरवून घेतलेली दिसली. शनिवारी गेलो तर अण्णा म्हणाले, "रेघच होती."